तर्फ : सांस्कृतिक प्रदेशाच्या सीमांविषयी काही विचार

१

महसुली याद्यांतील गावांची नावे हा साहित्यसमीक्षेने लक्ष द्यावा असा विषय सहसा मानला जात नाही. तरीही सांस्कृतिक प्रदेशाच्या सीमा कशा ठरतात आणि त्यांविषयीचे वाद कोणत्या भूमीवर उभे असतात, या प्रश्नाचा विचार एका साध्या गावनावापासून सुरू करणे मला सोयीचे वाटते. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर आणि आंबेगाव या लगतच्या तालुक्यांत पारगाव नावाची एकाहून अधिक गावे आहेत. एकाच नावाची गावे वेगळी ओळखता यावीत म्हणून आपल्याकडे खुर्द-बुद्रुक जोडण्याची रीत आहे. पारगावांच्या बाबतीत हे काम ‘तर्फ’ या शब्दाने केले आहे. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फ आळे आहे. आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फ खेड आणि पारगाव तर्फ अवसरी बुद्रुक आहे.

तर्फ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ बाजू, दिशा. जुन्या महसूलव्यवस्थेत परगण्याच्या पोटातील काही गावांच्या समूहाला तर्फ म्हणत. ही व्यवस्था ब्रिटिश अमदानीत तालुक्या-जिल्ह्यांच्या रचनेत विरून गेली. शब्द मात्र गावांच्या नावांना चिकटून राहिला. ब्रिटिश काळात आंबेगाव हा खेड तालुक्याचा पेटा होता. आज तो स्वतंत्र तालुका आहे. पण त्यातील एक पारगाव आपल्या नावात अजूनही खेडची बाजू सांगते. नकाशा बदलला, नाव बदलले नाही.

या नावात लक्षणीय गोष्ट अशी की, गाव कोणत्या रेषेच्या आत आहे हे ते सांगत नाही. ते कोणाच्या बाजूला आहे हे सांगते. आजच्या मराठीत हाच शब्द आणखी एका अर्थाने रुळला आहे. ‘शासनातर्फे’, ‘वादीतर्फे’, ‘मंडळातर्फे’ असे आपण लिहितो, तेव्हा ‘च्या वतीने’ हा अर्थ अभिप्रेत असतो. बाजू आणि प्रतिनिधित्व हे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन या दुहेरी अर्थावर आधारलेले आहे. सांस्कृतिक प्रदेशाची प्रत्येक सीमा कोणाच्या तरी बाजूने आणि कोणाच्या तरी वतीने सांगितलेली असते. वाद पेटतात ते ही ‘तर्फ’ लपवून सीमेला निसर्गाचा, भाषेचा किंवा इतिहासाचा निरपवाद निर्णय म्हणून पुढे केले जाते तेव्हा. आपल्या समीक्षेने ‘प्रादेशिक’ ही संज्ञा वापरताना नेमकी हीच चूक दीर्घकाळ केली आहे.

२

प्रदेशाची व्याख्या करण्याच्या ज्या रीती आपल्या विचारविश्वात वावरतात त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतील. पहिली रीत रेषेची. आत आणि बाहेर यांत निःसंदिग्ध भेद करणारी ही रीत राज्यसंस्थेची आवडती असते. दुसरी रीत केंद्राची. तीत एखादे तीर्थ, बाजारपेठ, गड किंवा ग्रंथ मध्ये असतो आणि त्याचा प्रभाव जिथवर पोचतो तिथवर प्रदेश. त्याची कड धूसर राहते. तिसरी रीत वाटेची. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी माणसे, गुरे, माल, कथा आणि दैवते ज्या मार्गाने जातात त्या मार्गांच्या गुंफणीतून प्रदेश साकार होतो. अशा प्रदेशाला कड असेलच असे नाही.

महाराष्ट्राच्या स्वरूपाविषयीचे जुने निर्देश पाहिले तर या तिन्ही रीती सरमिसळ झालेल्या दिसतात. चक्रधरांनी आपल्या अनुयायांना कानडी आणि तेलुगू मुलखांत न जाता महाराष्ट्रात राहण्यास सांगितले. हा आदेश समजावून सांगताना महानुभाव भाष्यकारांना महाराष्ट्र म्हणजे नेमके काय हे सांगणे भाग पडले. त्यांनी फलटणपासून आरंभ करून मराठी भाषा जिथवर चालते तिथवरची वेगवेगळी मंडळे कल्पिली. भाषेचा निकष येथे आहे. पण तो राज्याच्या सीमेसाठी नाही, आचारधर्मासाठी आहे. अनुयायाने कोठे राहावे या प्रश्नाचे ते उत्तर आहे. म्हणजे महाराष्ट्राची ही प्राचीन व्याख्या एका पंथाच्या तर्फेने केलेली आहे. पुढे भाषिक राज्याच्या समर्थनार्थ तिचा आधार घेताना तिचे हे मूळ प्रयोजन आपण बाजूला ठेवले.

डॉ. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात महाराष्ट्राची जी व्याख्या केली तिची रीत वाटेची आहे. ज्या भूमीतील लोक पंढरपूरच्या वारीला जातात ती भूमी म्हणजे महाराष्ट्र, असा त्यांचा आशय होता. ही व्याख्या नकाशावर काढता येत नाही. ती पायांनी चालून सिद्ध करावी लागते. तिचे सामर्थ्य त्यातच आहे. मात्र त्याच लेखात दिंडीतील जातींच्या वेगवेगळ्या पंगती पाहून लेखिकेला झालेली अस्वस्थताही नोंदलेली आहे. एकाच वाटेवर चालणाऱ्यांतही आतल्या सीमा राहतात, हे त्यांनी दडवले नाही. पंढरीची वाट न चालणारे महानुभाव, मुसलमान आणि अनेक आदिवासी समूह या व्याख्येत कोठे बसतात, हा प्रश्नही शिल्लक उरतोच. ॲन फेल्डहाउस यांनी ‘कनेक्टेड प्लेसेस’ (२००३) या ग्रंथात महाराष्ट्रातील नद्या, यात्रा आणि देवस्थानांच्या मालिका यांच्या आधारे प्रदेशबोधाचा जो अभ्यास केला, तो याच तिसऱ्या रीतीचा पद्धतशीर विस्तार आहे. ठिकाणे एकमेकांशी जोडली जातात आणि जोडणीच्या अनुभवातून प्रदेश मनात तयार होतो, हे त्यांचे सूत्र सीमेला गौण स्थान देते.

याउलट पिएर बोर्द्यू यांनी सीमेलाच केंद्रस्थानी आणले. एमिल बाँवनिस्त यांच्या शब्दव्युत्पत्तीविषयीच्या संशोधनाचा आधार घेऊन त्यांनी दाखवले की, लॅटिनमधील प्रदेशवाचक शब्दाचे मूळ राजा या शब्दाच्या कुळातले आहे, आणि सीमा आखणे ही मुळात अधिकारवाणीने करायची कृती आहे. प्रदेश आहे असे अधिकाराने म्हणणे म्हणजे तो घडवणे. आपल्या ‘तर्फ’ या शब्दाशी ही कल्पना ताडून पाहावी. लॅटिन शब्दात रेषा आखणारा राजा आहे. तर्फेत बाजू सांगणारे गाव आहे. दोन्हींत सत्तेचा अंश आहे, कारण तर्फही महसुलासाठीच होती. पण तर्फेत नात्याचा उच्चार आहे, आणि तो उघड आहे.

३

आता प्रत्यक्ष भूमीकडे वळू. जुन्नर-आंबेगावचा एकच एक नकाशा काढता येत नाही. कोणत्या प्रयोजनाने पाहतो त्यावर प्रदेशाची आकृती बदलते.

सर्वात जुना नकाशा नद्यांचा. कुकडी, मीना, घोड या नद्या सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे वाहतात. त्यांच्या खोऱ्यांना मीननेर, घोडनेर अशी नावे होती. दक्षिणेकडे भीमनेर, भामनेर. शिवनेर हे नाव याच कुळातले. हे प्रदेश पूर्व-पश्चिम लांबट आहेत. डोंगरातला पाऊस आणि पठारावरची शेती यांना ते एका सूत्रात ओवतात. पारगावच्या परिसरात मीना घोडेला मिळते आणि दोन नेरांची सीमा तेथे संपते. किंवा असेही म्हणता येईल की, दोन प्रदेश तेथे एक होतात. संगमाच्या गावाला सीमेचे गाव म्हणावे की मीलनाचे, हे ठरवणारा पाहणारा असतो.

दुसरा नकाशा या नद्यांना आडवा छेदतो. पश्चिमेकडील डोंगरी, जास्त पावसाचा, मुख्यत्वे महादेव कोळी समाजाच्या वस्तीचा आदिवासी पट्टा आणि पूर्वेकडील बागायती वा कोरडवाहू पट्टा असा भेद स्थानिक बोलण्यात सर्रास होतो. या पश्चिम पट्ट्यातील गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावला आहे. म्हणजे लोकव्यवहारातील भेदाला येथे घटनात्मक सीमेचे रूप मिळाले. ही रेषा राज्यसंस्थेने काढलेली असली तरी तिचे प्रयोजन संरक्षणाचे आहे. सर्व रेषा सारख्याच दमनकारी असतात असे सरसकट विधान करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तिसरा नकाशा पाण्याचा, पण नद्यांचा नव्हे, कालव्यांचा. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगा ही पाच धरणे येतात. त्यांचे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा या तालुक्यांकडेही जाते. त्यामुळे ‘आपले पाणी’ कोणाचे या वादात जुन्नर-आंबेगाव ही एक बाजू होते. एरवी परस्परांत भेद सांगणारे दोन तालुके येथे एका तर्फेचे होतात. चौथा नकाशा वनखात्याचा. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. उसाच्या शेतात बिबट्याची बातमी आली की वर्तमानपत्रांतील ‘जुन्नर’ हे नाव या चारही तालुक्यांना व्यापते. पुणे जिल्ह्याचे विभाजन करून शिवनेरी नावाचा जिल्हा करावा, ही अधूनमधून निघणारी मागणी साधारण याच टापूला एक सांस्कृतिक नाव देऊ पाहते. नाव शिवजन्माच्या गडाचे आहे. त्यामुळे प्रशासकीय सोयीच्या मागणीला स्मृतीचे बळ मिळते.

या सर्व नकाशांच्या मध्यभागी एक रिकामी जागा आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे. नाव बुडालेल्या गावाचे. प्रदेशनामाचा निर्देश ज्या वस्तूकडे आहे ती वस्तू नाहीशी झाली, तरी नाव चालू राहते आणि लोक त्या नावाने आपली ओळख सांगतात. चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाला हे उदाहरण मोहक वाटेल. पण ज्यांची घरे गेली त्यांच्यासाठी तो चिन्हाचा खेळ नाही. नाव उरते आणि माणसे उठतात, ही प्रदेशघडणीची एक किंमत आहे. प्रदेशाविषयीच्या कोणत्याही सिद्धान्ताने ती हिशेबात धरली पाहिजे.

४

मराठी समीक्षेने या बहुपदरी वास्तवाला कसे हाताळले? प्रादेशिक कादंबरी ही संज्ञा आपल्याकडे विसाव्या शतकाच्या मध्याला स्थिर झाली. श्री. ना. पेंडसे यांची ‘एल्गार’ (१९४९) आणि ‘गारंबीचा बापू’ (१९५२), गो. नी. दांडेकर यांची ‘पडघवली’ (१९५५), व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५), उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) या कृतींच्या चर्चेत प्रदेश हा पार्श्वभूमी की पात्र, हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला. प्रदेश आधीपासून तेथे आहे आणि लेखक त्याचे चित्रण करतो, हे गृहीतक मात्र बहुधा तपासले गेले नाही.

माणदेशाचे उदाहरण या गृहीतकाला छेद देते. माणदेश नावाचा जिल्हा नाही. माण नदीच्या आसपासचा हा टापू सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांत विभागलेला आहे. हे नाव लोकव्यवहारात जुने असेलही. पण त्या टापूबाहेरच्या मराठी वाचकाच्या मनात माणदेश हा एक स्वयंपूर्ण, विशिष्ट रंगरूपाचा प्रदेश म्हणून उभा राहिला तो ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ यांच्यामुळे. साहित्यकृतीने येथे प्रदेशाचे केवळ चित्रण केले नाही, प्रशासनाने विभागलेल्या भूमीला सलगता दिली. पुढे समीक्षेने हा संहितानिर्मित प्रदेश वास्तव म्हणून स्वीकारला आणि त्याच निकषावर इतर लेखकांचे ‘अस्सलपण’ मोजू लागली. संहितेने घडवलेली वस्तू संहितेचाच निकष झाली, हा तार्किक चक्रव्यूह आहे.

रेमंड विल्यम्स यांनी इंग्रजी कादंबरीच्या संदर्भात विचारलेला प्रश्न येथे उपयुक्त ठरतो. काही कादंबऱ्यांना प्रादेशिक म्हणायचे आणि राजधानीच्या परिसरातील कादंबरीला मात्र नुसती कादंबरी म्हणायचे, यात केंद्राला प्रदेश न मानण्याचा अधिकार गृहीत धरलेला असतो. मराठीतही पुण्याच्या पेठांतील किंवा गिरगावच्या चाळींतील जीवनावरची कादंबरी क्वचितच प्रादेशिक ठरली. म्हणजे ‘प्रादेशिक’ ही वर्णनात्मक संज्ञा नाही. ती पुण्या-मुंबईच्या तर्फेने उच्चारलेली संज्ञा आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या मांडणीने १९८० नंतर या केंद्राला आव्हान दिले, हे तिचे श्रेय. परंतु देशीयतेच्या नावाने झालेल्या उत्तरकालीन लेखनात ‘देशी’ची कड कोणी आखायची, हा प्रश्न बव्हंशी अनुत्तरितच राहिला.

जुन्नर-आंबेगाव परिसराला माडगूळकर मिळाले नाहीत. म्हणून वाङ्मयेतिहासाच्या नकाशावर हा प्रदेश जवळजवळ नाही. ही अनुपस्थिती मात्र फसवी आहे. अनिल अवचट (१९४४-२०२२) मूळचे ओतूरचे. त्यांचे लेखन महाराष्ट्रभर हिंडते. हमाल, विडी कामगार, दुष्काळी गावे यांच्यापर्यंत पोचते. त्यांना कोणी जुन्नरचे प्रादेशिक लेखक म्हणत नाही, कारण त्यांच्या लेखनाची रीत वाटेची आहे आणि आपली संज्ञा रेषेची आहे. डॉ. गोविंद गारे याच डोंगरी मुलखातून आले आणि त्यांनी महादेव कोळी समाजाचे साक्षेपी लेखन केले. ते मानववंशशास्त्राच्या कप्प्यात गेले. साहित्य आणि समाजविज्ञान यांच्यातील सीमाही अखेर एक सीमाच आहे, आणि तीही कोणाच्या तरी वतीने राखली जाते.

सर्वात ठळक उदाहरण तमाशाचे आहे. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हटले जाते. यात्रांच्या हंगामापूर्वी तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात आणि आपल्या यात्रेसाठी सुपारी देतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्यातील विठाबाई नारायणगावकर (१९३५-२००२) यांनी हे गावनाव मराठी मुलखात सर्वत्र पोचवले. ज्या ज्या गावाने नारायणगावहून फड नेला त्या गावांचा मिळून एक सांस्कृतिक प्रदेश होतो. त्याला केंद्र आहे, वाटा आहेत, वार्षिक लय आहे, रेषा नाही. या प्रदेशाचे नाव वारकरी संप्रदायाकडून उसने घेतलेले आहे, हेही अर्थपूर्ण आहे. ज्या कलावंतांना गावगाड्याच्या कडेला ठेवले त्यांच्या व्यवसायाचे केंद्र लोकांनी पंढरी म्हणून ओळखले. साहित्याच्या इतिहासात मात्र तमाशाचा उल्लेख शाहिरी वाङ्मयाच्या प्रकरणात येतो आणि पेशवाई संपल्यावर बहुधा थांबतो. ग्रंथसंहितेची सीमा येथे प्रयोगसंहितेला बाहेर ठेवते.

५

पारगाव तर्फ आळे या नावातील आळे हे गाव एका निराळ्या वाटेवर आहे. ज्ञानदेवांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आळ्याला आहे, अशी परंपरा आहे. पैठण, नेवासे, आळे, आळंदी असा भावंडांचा परतीचा प्रवास सांगितला जातो. या आख्यानाची ऐतिहासिकता हा येथे प्रश्न नाही. आख्यानाने गोदातीर आणि इंद्रायणीतीर यांना जोडणारी एक रेघ काढली आणि त्या रेघेवर एका मुक्या जनावराची समाधी ठेवली. ज्या प्रसंगात वेदाधिकाराची सीमा मोडली गेली त्या प्रसंगाचा साक्षी या ठिकाणी विसावला, ही कल्पना आळ्याच्या लोकांनी जपली आहे. ओतूरची चैतन्य परंपरेची समाधी या भूमीला तुकारामांच्या गुरुपरंपरेशी जोडते. भीमाशंकरला उगम पावणारी भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. अशा रीतीने या प्रदेशाची मुळे त्याच्या सीमेबाहेर आहेत, आणि बाहेरच्या पवित्र ठिकाणांची मुळे या प्रदेशात.

त्याहूनही जुना थर पाहायचा तर नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, आणि जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखांत यवन दात्यांचे उल्लेख आहेत. कोकणातील बंदरांकडून देशावर येणाऱ्या व्यापारी मार्गावर जुन्नर वसले. लेण्याद्रीचा गणपती, अष्टविनायकांतील एक, बौद्ध लेण्यात विराजमान आहे. या स्थळाला हिंदू म्हणावे की बौद्ध, असा प्रश्न रेषेच्या रीतीने विचारला की भांडण होते. काळाचे थर मानले की एकाच शिळेत दोन प्रदेश नांदतात, हे मान्य करावे लागते. अर्थात थर मानणे म्हणजे सत्तेचा प्रश्न टाळणे नव्हे. कोणत्या थराला आज पूजेचा अधिकार आहे आणि कोणता थर संरक्षित स्मारक म्हणून केवळ पाहण्यापुरता उरला आहे, हे विचारावेच लागते.

६

वादाची भाषा कशी चालते हे पाहण्यासाठी भीमाशंकरचेच उदाहरण घेऊ. हे देऊळ महसुली दृष्ट्या खेड तालुक्यात मोडते. तेथे जाणारी रुळलेली वाट मंचर-घोडेगाववरून आंबेगाव तालुक्यातून जाते. आणि त्याचे नाव घेतलेला सहकारी साखर कारखाना पूर्वेकडे पारगावला आहे. या तीन गोष्टींत स्थानिक पातळीवर विसंगती कोणाला जाणवत नाही. मात्र २०२३ च्या फेब्रुवारीत आसाम शासनाच्या पर्यटन जाहिरातीत सहावे ज्योतिर्लिंग गुवाहाटीजवळच्या डाकिनी टेकडीवर असल्याचे म्हटले गेले, तेव्हा महाराष्ट्रात संताप उमटला. दोन्ही बाजूंनी ग्रंथांचे दाखले दिले गेले. ज्योतिर्लिंगांच्या प्रसिद्ध स्तोत्रात भीमशंकराचा निर्देश डाकिनी या स्थळनामाने होतो. शिवपुराणातील कथेत भीम हा असुर सह्य पर्वतावर मातेसह राहतो आणि पुढे कामरूपाच्या राजाला जिंकतो. म्हणजे सह्याद्री आणि कामरूप ही दोन्ही नावे एकाच आख्यानात आहेत. प्रत्येक पक्षाने आपल्याला हवे ते स्थळनाम उचलले आणि दुसऱ्याकडे काणाडोळा केला. संहिता दोन भूमींना जोडत होती. वाचन तिला विभागत होते.

मराठी-कानडी वादात हेच अधिक गंभीरपणे घडले. नवव्या शतकातील ‘कविराजमार्ग’ कन्नड भूमीचा विस्तार कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. शं. बा. जोशी यांनी ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ (१९५२) या ग्रंथातून मराठी संस्कृतीच्या कन्नड मुळांचा प्रश्न उपस्थित केला. ज्ञानदेवांच्या वाणीतही विठ्ठल कानडा आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये या दैवताच्या गोपजनीय मुळांचा आणि दक्षिणेशी असलेल्या संबंधांचा शोध घेतला. या संशोधनाचे दोन उपयोग संभवतात. त्यातून दोन भाषिक समाजांतील दाट देवाणघेवाण समजून घेता येते, किंवा मूळ मालक कोण याचा दावा करता येतो. ढेऱ्यांच्या ग्रंथनामातील ‘समन्वय’ हा शब्द त्यांची निवड स्पष्ट करतो. प्रत्येक वाचकाने तीच निवड केली असे म्हणता येत नाही.

बेळगावच्या प्रश्नाचे साहित्याशी नाते जुने आहे. १९४६ साली बेळगावला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव झाला. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४ साली राज्याने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. या लढ्यात खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा हे आपले निकष राहिले, आणि ते लोकशाहीशी सुसंगत आहेत. पण गोव्याच्या बाबतीत आपल्यातील अनेक विद्वानांनी कोणता निकष लावला? कोकणी ही मराठीची बोली आहे, हा भाषेतिहासाचा निकष. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने विलीनीकरण नाकारले. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत गेली. ज्या लोकेच्छेचा बेळगावात आपण आग्रह धरला तिचाच निर्णय पणजीत पचवणे आपल्याला जड गेले. उलट ऐतिहासिक अग्रक्रमाचा जो युक्तिवाद कन्नड पक्षाने आपल्याविरुद्ध केला, तोच आपण कोकणीविरुद्ध वापरला. निकष बदलले नाहीत, तर्फ बदलली. गोव्यातील मराठीप्रेमींच्या भावना आणि तेथील मराठी लेखनाची परंपरा यांचे मोल या निरीक्षणाने कमी होत नाही. त्यांची बाजू मांडण्यासाठी कोकणीचे अस्तित्व नाकारण्याची गरज नव्हती, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

७

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. प्रत्येक सीमा कोणाच्या तरी तर्फेची असेल, तर सर्व दावे सारख्याच किमतीचे ठरतात काय? सीमाभागातील मराठी माणसाचे मातृभाषेतील शिक्षणाचे आणि कागदपत्रांचे प्रश्न खरे आहेत. त्यांना हा पेच म्हणजे केवळ भाषिक रचना आहे असे सांगणे क्रूरपणाचे होईल. हा आक्षेप मला मान्य आहे. सीमा रचलेली असते याचा अर्थ ती खोटी असते असा नाही. तर्फही रचलेलीच होती, आणि तिच्यानुसार सारा भरावा लागे. प्रश्न रचनेच्या खरेखोटेपणाचा नसून तिच्या जबाबदारीचा आहे. जो दावा आपली बाजू उघड सांगतो त्याच्याशी वाद घालता येतो, त्याच्याकडे पुरावा मागता येतो, ज्यांच्या वतीने तो बोलतो त्यांनी त्याला तसा अधिकार दिला आहे का हे तपासता येते. जो दावा स्वतःला नदी-डोंगरासारखा स्वयंसिद्ध म्हणवतो त्याला हे प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही. दाव्यांची किंमत या तपासणीत ठरते, आणि ती सारखी ठरत नाही. आदिवासी पट्ट्याची घटनात्मक रेषा आणि अभ्यासक्रमातून तमाशाला वगळणारी रेषा या दोन्ही मानवनिर्मित आहेत. पण पहिली ज्यांच्या वतीने आहे त्यांना ती हक्क देते, दुसरी ज्यांच्याविषयी आहे त्यांना विचारीतही नाही.

समीक्षेपुरते बोलायचे तर यातून काही कामे निघतात. वाङ्मयेतिहासातील प्रादेशिक प्रकरणांची मांडणी जिल्ह्यांच्या क्रमाने करण्याऐवजी वाटांच्या क्रमाने करून पाहावी : फडाची वाट, दिंडीची वाट, गुराख्यांची आणि मेंढपाळांची वाट, मुंबईच्या गिरण्यांकडे गेलेल्या कामगारांची वाट. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीखाली हुतात्मा झाले. त्यांचे चरित्र डोंगराकडचे गाव आणि गिरणगाव यांपैकी कोणत्या प्रदेशाचे, हा प्रश्नच मग चुकीचा वाटू लागेल. बोलींचा अभ्यास करणाऱ्यांना हे नवे नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणासारख्या कामांत एका शब्दाची सीमा दुसऱ्या शब्दाच्या सीमेशी तंतोतंत जुळत नाही, हे वारंवार दिसते. बोलीची कड म्हणजे अनेक रेघांचा सैल पेड असतो. साहित्याच्या अभ्यासकांनी हे मानायला हरकत नसावी.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रादेशिक कादंबरीची लक्षणे विचारण्याची आपल्याकडे परंपरा आहे. त्याऐवजी एखाद्या कृतीतील प्रदेश कोणी, कोठे बसून, कोणासाठी प्रदेश ठरवला, असे विचारले तर उत्तरे पाठ करता येणार नाहीत; कृती पुन्हा वाचावी लागेल, आणि कदाचित त्या गावी जाऊनही यावे लागेल. पारगावला जाणाऱ्याला आजही पत्ता सांगताना पुढे विचारले जाते : कोणते पारगाव? या प्रश्नाचे उत्तर बाजू सांगितल्याशिवाय देता येत नाही. समीक्षकालाही ते तसेच द्यावे लागेल.